म्हापशाच्या केंद्रात अडकलेल्या आश्रयार्थीला मदत करताना: आधी काय, नंतर काय

फोन बहुधा संध्याकाळी येतो. "आमच्या वाड्यावर भाड्याने राहणारा मुलगा काल पोलिसांनी नेला. त्याच्याकडे यूएनचं कार्ड आहे. आता काय करायचं?" आणि बहुधा फोन येईपर्यंत काहीतरी करून झालेलं असतं. त्याचा फोटो गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरलेला असतो. कुणीतरी पत्ता शोधून त्याच्या देशाच्या दूतावासाला ईमेल टाकलेला असतो. कुणी एजंटाला आगाऊ पैसे देऊन बसलेलं असतं. हे सगळं कळकळीपोटी झालेलं असतं, आणि यातल्या प्रत्येक गोष्टीने तो माणूस आणखी खोलात जाऊ शकतो.

तेच तेच घोळ पुन्हा पुन्हा पाहिले, म्हणून हे क्रमाने लिहिते आहे. एक सूत्र आधीच सांगते, बाकी सगळं त्यावर उभं आहे: जे पाऊल मागे घेता येत नाही ते शेवटी टाकायचं, आणि आत असलेल्या माणसाला विचारूनच टाकायचं.

हात घालण्यापूर्वी: कायदा त्याच्याकडे कसा पाहतो

भारताने १९५१ च्या निर्वासितविषयक करारावर आणि १९६७ च्या पूरक करारावर सही केलेली नाही. निर्वासितांसाठी आपल्याकडे वेगळा कायदाही नाही. त्यामुळे पोलिसांच्या कागदावर 'निर्वासित' असा रकानाच नसतो, असतो तो फक्त 'विदेशी नागरिक'. १ सप्टेंबर २०२५ पासून १९४६ चा फॉरेनर्स ॲक्ट जाऊन इमिग्रेशन अँड फॉरेनर्स ॲक्ट, २०२५ लागू झाला आहे. वैध पासपोर्ट किंवा व्हिसा नसताना देशात शिरल्यास ५ वर्षांपर्यंत कैद किंवा ५ लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. व्हिसा संपूनही राहिल्यास ३ वर्षांपर्यंत कैद किंवा ३ लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. बनावट पासपोर्ट वा व्हिसा जाणूनबुजून वापरल्यास किमान २ आणि कमाल ७ वर्षं. "कागद करून देतो" म्हणणाऱ्या एजंटाला दारातूनच का परतवायचं, ते यावरून कळेल.

दुसऱ्या बाजूला राज्यघटना आहे. अनुच्छेद १४ आणि २१ मध्ये 'नागरिक' हा शब्द नाही, 'व्यक्ती' आहे. अटकेनंतर २४ तासांत दंडाधिकाऱ्यासमोर हजर करणं आणि वकिलाला भेटू देणं हे अनुच्छेद २२ चं संरक्षणही परदेशी माणसाला मिळतं. १९९६ मध्ये अरुणाचलमधल्या चकमा निर्वासितांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने परदेशी माणसाच्याही जिवाचं रक्षण करणं हे राज्याचं काम आहे असं स्पष्ट केलं. गोव्यावर ज्याचा अधिकार चालतो त्या मुंबई उच्च न्यायालयानेही १९९४ मध्ये यूएनएचसीआरने, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासितविषयक संस्थेने, मान्यता दिलेल्या एका इराणी निर्वासिताला इराणला परत पाठवण्याचा प्रश्नच येत नाही असं म्हटलं होतं. मात्र हवा कायम सारखी नसते. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका श्रीलंकन तमिळ माणसाच्या प्रकरणात भारत ही काही धर्मशाळा नाही, असं सुनावलं. घाईत, अर्धवट कागदांवर केलेली याचिका फेटाळली गेली तर मागून येणाऱ्यांचीही वाट अडते.

टप्पा १: माणूस कुठे आहे आणि कोणत्या कागदावर आहे

सगळ्यात जास्त चूक इथे होते. लोक विचारतात, "जामीन कधी होणार?" आधी विचारायला हवं, "त्याला गुन्ह्यात ठेवलंय की आदेशावर?"

गोव्यात तीन शक्यता धरा. तो पोलीस ठाण्याच्या कोठडीत असेल, कोलवाळच्या मध्यवर्ती कारागृहात न्यायालयीन कोठडीत असेल किंवा म्हापशाच्या डिटेन्शन सेंटरमध्ये, म्हणजे परदेशी माणसांना अडकवून ठेवण्याच्या केंद्रात, असेल. हे केंद्र जुन्या तुरुंगाच्या इमारतीत २०१९ पासून आहे. पहिल्या दोन ठिकाणी बहुधा गुन्हा नोंद असतो, खटला असतो, आणि तिथे जामिनाचा अर्ज चालतो. तिसऱ्या ठिकाणी त्याच्यावर खटला असेलच असं नाही. परदेशी नोंदणी कार्यालयाच्या, म्हणजे एफआरआरओच्या, हालचालींवर निर्बंध घालणाऱ्या आदेशावर त्याला ठेवलेलं असू शकतं. या आदेशावर जामीन मिळत नाही. तिथे रस्ता दोनच: त्याच कार्यालयाकडे निवेदन, आणि ते ऐकलं गेलं नाही तर पर्वरीला उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठात रिट याचिका.

शोधायला सुरुवात पोलीस ठाण्यापासून करा. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४८ नुसार अटक झालेल्याच्या नातेवाइकाला, मित्राला किंवा तो सांगेल त्या माणसाला कळवणं पोलिसांवर बंधनकारक आहे. कलम ३७ नुसार जिल्ह्याच्या पोलीस नियंत्रण कक्षात अटक झालेल्यांची माहिती असायला हवी. ठाण्यात दोघांनी जा, आवाज चढवू नका, आणि एवढंच विचारा: गुन्हा क्रमांक काय, कलमं कोणती, हजर कधी आणि कुठल्या न्यायालयात करणार.

इशारा: गुन्ह्यात जामीन झाला म्हणजे माणूस घरी आला असं समजू नका. व्हिसा नसेल तर कारागृहाच्या दारातून त्याला थेट म्हापशाला नेलं जातं. जामिनाच्या दिवशी गावातून टेम्पो भरून लोक कोलवाळला जातात आणि रिकाम्या हातांनी परततात, ते यामुळे. वकिलाला आधीच विचारा, "जामीन झाल्यावर पुढे काय?", आणि राहण्याच्या पत्त्यासह एफआरआरओकडे द्यायचं निवेदन त्याच दिवशी तयार ठेवा.

टप्पा २: दोन माणसं आणि एक वही

पंधरा जणांचा ग्रुप काढू नका. कामाला दोन माणसं पुरतात: एक वकिलाशी आणि कार्यालयांशी बोलणारा, दुसरा भेटीगाठी आणि सामान बघणारा. बाकीच्यांना लागेल तसं काम द्या, पण त्याची माहिती देऊ नका.

वही मात्र खरीच घ्या, जाड पुठ्ठ्याची. मोबाइलमधल्या नोंदी हरवतात, आणि फोन जप्त झाला तर दुसऱ्याच्या हातात जातात. डाव्या पानावर तारीख, वेळ, कार्यालय, कोणाशी बोललो, त्यांचं पद. उजव्या पानावर काय ठरलं आणि पुढची तारीख. माझ्याकडच्या वहीत एका अर्जाच्या पोचची झेरॉक्स चिकटवलेली आहे. कडेला पावसाने निळी पडलेली, पण आवक शिक्का आणि तारीख वाचता येते. सहा महिन्यांनी कार्यालयात "असा अर्ज आलाच नाही" म्हणाले तेव्हा त्या शिक्क्याने काम केलं. म्हणून प्रत्येक अर्ज दोन प्रतींत न्यायचा, दुसऱ्या प्रतीवर शिक्का घ्यायचा, आणि पावसाळ्यात सगळं प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये ठेवायचं.

फाइलमध्ये गोळा करायचं ते असं: पासपोर्ट आणि व्हिसाची प्रत असेल तर ती, यूएनएचसीआरचं कार्ड किंवा प्रकरण क्रमांक, एफआयआरची प्रत, भाडेकरार, कामाच्या किंवा कॉलेजच्या ठिकाणचं पत्र, औषधांच्या चिठ्ठ्या, आणि आपला देश सोडून येण्याचं कारण सांगणारा कुठलाही कागद. मूळ कागद कुणालाही देऊ नका, आपल्याकडेही ठेवू नका. ते वकिलाकडेच असावेत.

टप्पा ३: वकील, आणि तोही लगेच

"पैसे जमले की वकील बघू" असं म्हणत आठवडा जातो. पैसे लागतच नाहीत. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ नुसार कोठडीतल्या प्रत्येक व्यक्तीला मोफत वकील मिळतो. त्याला उत्पन्नाची अट नाही, नागरिकत्वाचीही नाही. राष्ट्रीय हेल्पलाइन १५१०० आहे. उत्तर गोव्याच्या किंवा दक्षिण गोव्याच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे साधा अर्ज द्या, कारागृहातूनही तो देता येतो. वकालतनाम्यावर, म्हणजे वकिलाला आपल्या वतीने उभं राहण्याचा अधिकार देणाऱ्या कागदावर, सही आतच होते आणि कारागृह अधिकारी ती साक्षांकित करतात, त्यामुळे कोरा वकालतनामा घेऊनच पहिली फेरी मारा.

वकिलाने पहिल्या दिवशी बघायच्या तीन गोष्टी:

- अटकेची कारणं लेखी दिली का? नोव्हेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की ती लेखी आणि त्या माणसाला समजणाऱ्या भाषेत द्यावी लागतात, आणि लगेच शक्य नसेल तर रिमांडसाठी हजर करण्याच्या किमान दोन तास आधी. अरबी किंवा बर्मी बोलणाऱ्याच्या हातात इंग्रजी कागद ठेवला असेल, तर तो मुद्दा त्याच दिवशी मांडायला हवा.
- २४ तासांत हजर केलं का? चवथीची किंवा नाताळची सुट्टी हे कारण चालत नाही.
- "मला परत गेल्यास जिवाला धोका आहे" हे वाक्य न्यायालयाच्या नोंदीत गेलं का? हे पहिल्याच हजेरीला जावं. दोन महिन्यांनी सांगितलं तर "सुचलेली सबब" म्हणून त्याकडे पाहिलं जातं.

टप्पा ४: पहिली भेट आणि संमती

भेटीच्या वेळा आणि काय आत नेता येतं हे आदल्या दिवशी दारावर विचारून वहीत लिहा. ओळखपत्राची मूळ प्रत आणि झेरॉक्स दोन्ही लागतील असं धरून चाला. शुक्रवार टाळा. म्हापशात बाजाराच्या दिवशी गाडी लावायला जागा शोधण्यात भेटीची वेळ निघून जाते, हे आमच्या बाबतीत एकदा नव्हे, तीनदा झालं.

दुभाषाचा प्रश्न नाजूक आहे. त्याच देशाचा माणूस सापडला की आपल्याला हायसं वाटतं. पण तो दुसऱ्या जमातीचा, दुसऱ्या पक्षाचा असू शकतो, किंवा दूतावासाशी त्याचं येणंजाणं असू शकतं. आधी वकिलामार्फत आतल्या माणसाला विचारा: "हा चालेल का?" त्याने मान खाली घातली तर ते नकारच समजा.

पहिल्या भेटीत त्याची कहाणी विचारू नका. काच किंवा जाळी मध्ये, बाजूला पहारेकरी, दहा मिनिटं हातात. त्यात माणूस आपल्या भावाला कसं मारलं हे सांगणार नाही, आणि आपण ते मागणंही बरोबर नाही. चार प्रश्न पुरेत. तब्येत कशी आहे, औषध चालू आहे का? कुणाला कळवायचं, आणि कुणाला अजिबात कळवायचं नाही? कुठल्या कागदावर सही केली? बाहेर नाव किंवा फोटो वापरलेला चालेल का?

तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. परत पाठवण्यासाठी लागणाऱ्या प्रवासी कागदपत्राचा अर्ज कधीकधी इतर कागदांबरोबर समोर येतो. भाषा कळत नाही, घरी जायला मिळेल एवढंच ऐकू येतं, आणि सही होते. त्याला एकच वाक्य शिकवा: "वकिलाला दाखवल्याशिवाय सही नाही."

इशारा: दूतावासाला तुम्ही स्वतःहून कळवू नका. १९६३ च्या व्हिएन्ना करारातलं अनुच्छेद ३६ अटक झालेल्याला आपल्या दूतावासाशी संपर्काचा हक्क देतं. तो हक्क त्याचा, त्याने मागितला तर. ज्या सरकारच्या भीतीने तो पळाला, त्याच सरकारला त्याचा ठावठिकाणा कळवणं म्हणजे घरी राहिलेल्या आईबापांना धोक्यात घालणं. पोलीस परदेशी माणसाच्या अटकेची माहिती दूतावासाला पाठवतात, म्हणून वकिलाने पहिल्याच दिवशी लेखी कळवावं की हा आश्रय मागणारा आहे आणि दूतावासाशी संपर्काला त्याची संमती नाही.

टप्पा ५: यूएनएचसीआरचं काम योग्य माणसासाठी

गोव्यात यूएनएचसीआरचं कार्यालय नाही. नोंदणी नवी दिल्लीच्या कार्यालयाकडे होते. कार्ड असेल तर वकिलाने प्रकरण क्रमांक देऊन अटकेची माहिती ईमेलने पाठवावी आणि नोंदणीची पुष्टी करणारं पत्र मागावं. कार्ड नसेल पण भीतीचं कारण खरं असेल, तर नोंदणीची विनंती आणि कोठडीत मुलाखत घेता यावी यासाठी संबंधित अधिकाऱ्यांकडे अर्ज, हे दोन्ही एकाच दिवशी करा. १९९८ मध्ये गुजरात उच्च न्यायालयाने दोन इराकी आश्रयार्थींच्या प्रकरणात छळाच्या तोंडी परत न लोटण्याचं तत्त्व अनुच्छेद २१ शी जोडलं. वकिलाला तो निकाल माहीत आहे का, ते विचारायला संकोच करू नका.

इथे दोन गल्लती होतात. तिबेटी आणि श्रीलंकन तमिळ निर्वासितांची व्यवस्था सरकार स्वतः बघतं, त्यांच्यासाठी यूएनएचसीआरकडे धावण्यात वेळ जातो. दुसरी गल्लत जास्त घातक आहे. बांधकामावरचा बंगाली बोलणारा मजूर 'बांगलादेशी' म्हणून उचलला गेला, तर तो भारतीयच असू शकतो. त्याच्यासाठी निर्वासिताचा अर्ज केला तर त्याच्याच तोंडून तो परदेशी असल्याचं कबूल केल्यासारखं होतं. परदेशी नाही हे सिद्ध करण्याचा भार त्याच्यावर असतो, म्हणून त्याच्या गावातून जन्मदाखला, शाळेचा दाखला, जमिनीचे कागद, आईवडिलांचं मतदार यादीतलं नाव मागवा. गावच्या पंचायतीला फोन करा, आजच.

तपासणी: पुढे जाण्याआधी वही उघडा. गुन्हा की आदेश हे कळलं? वकालतनाम्यावर सही झाली? परत जाण्याची भीती नोंदीत गेली? संमती विचारली? चारपैकी एकाचंही उत्तर 'नाही' असेल तर खालच्या टप्प्यांना हात लावू नका.

टप्पा ६: आतले दिवस

केंद्र सरकार आणि राज्य सरकार यांच्यात फाइल फिरत राहते आणि आत दिवस जातात. केंद्रीय गृहमंत्रालयाने जानेवारी २०१९ मध्ये राज्यांना डिटेन्शन सेंटरची आदर्श नियमावली पाठवली. त्यात स्त्री-पुरुषांची वेगळी सोय, एका कुटुंबाची ताटातूट न करणं, वैद्यकीय सुविधा, लहान मुलांची काळजी आणि शिक्षण या गोष्टी आहेत. नियमावली म्हणजे कायदा नव्हे, पण अर्जात तिचा उल्लेख केला की समोरच्याला उत्तर द्यावं लागतं.

माहिती अधिकाराचा अर्ज फक्त भारतीय नागरिकाला करता येतो, म्हणून तो तुमच्या नावाने करा. जीवित आणि स्वातंत्र्याशी संबंधित माहिती ४८ तासांत द्यायची असते. पण माणसाबद्दल विचारू नका. व्यवस्थेबद्दल विचारा: डॉक्टर आठवड्यातून किती वेळा येतो, भेटीचे नियम कुठल्या आदेशाने ठरले, तक्रार कुणाकडे करायची. औषध बंद पडलं असेल तर मात्र माहिती अधिकार ही पळवाट ठरते. तिथे वकिलामार्फत त्याच दिवशी न्यायालयाला सांगायचं आणि गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या इस्पितळात, तपासणी मागायची. गोवा राज्य मानवी हक्क आयोगाकडे तक्रारीला शुल्क नाही, घटनेपासून एक वर्षाची मुदत आहे.

मूल बरोबर असेल तर १०९८ वर फोन करा आणि प्रकरण बाल कल्याण समितीपुढे न्या. मुलाला आईपासून वेगळं करायला नको, हे पहिल्या अर्जातच लिहा.

सामान नेताना साधं न्या: टूथपेस्ट, साबण, अंतर्वस्त्रं, चप्पल, त्याच्या भाषेतलं एखादं पुस्तक. घरचं जेवण बहुतेकदा परत येतं. एका तरुणासाठी आम्ही पोदेराकडून, म्हणजे पाववाल्याकडून, उंडे पाव घेऊन गेलो होतो, ते दारातच राहिले. पुढच्या वेळी दारावर विचारून सीलबंद बिस्किटं नेली. त्यातली निम्मी त्याने शेजारच्या खाटेवरच्याला दिल्याचं आम्हाला नंतर कळलं.

टप्पा ७: पैसा

गोव्यातल्या गटांनी हा भाग दोनदा वाचावा. परदेशी स्रोताकडून देणगी घ्यायची तर परदेशी देणग्यांविषयीच्या २०१० च्या कायद्याखाली, म्हणजे एफसीआरएखाली, नोंदणी किंवा परवानगी लागते. परदेशी स्रोत म्हणजे फक्त परदेशातून आलेले डॉलर नव्हेत. हणजुणेला दहा वर्षं राहणाऱ्या परदेशी बाईने हातात रुपये ठेवले, तरी ती परदेशी देणगी. पोर्तुगीज पासपोर्ट घेतलेला आणि ओसीआय कार्ड (मूळच्या भारतीयाला परदेशी नागरिकत्व घेतल्यावर मिळणारं कार्ड) असलेला आपलाच सासष्टीचा चुलतभाऊ, त्याची देणगीही तशीच धरली जाते. नोंदणी नसेल तर अशी रक्कम प्रेमाने नाकारा. स्थानिकांकडून घेतलेल्या प्रत्येक रकमेची पावती द्या, आणि एखाद्याच्या वैयक्तिक यूपीआयवर गोळा करू नका.

टप्पा ८: जाहीर आवाज

निदर्शनं, सह्यांची मोहीम, ग्रामसभेत ठराव, आमदारांना निवेदन हे सगळं उपयोगाचं आहे. पण आठव्या टप्प्यावर, दुसऱ्या नव्हे.

माझ्याकडून हे एकदा उलटं झालं. एका मुलाच्या सुटकेसाठी आम्ही मेणबत्त्या घेऊन उभे राहिलो आणि फलकावर त्याचा चेहरा मोठा करून लावला. त्याला विचारलं नव्हतं. विचारायला पाहिजे हे मनातसुद्धा आलं नाही. फोटो पसरला, आणि काही दिवसांनी त्याच्या गावी वडिलांकडे चौकशीला माणसं येऊन गेली. पुढच्या भेटीत त्याने आमच्यावर राग काढला नाही, फक्त विचारलं, "त्यांना माझा पत्ता तुम्ही का दिला?" तेव्हापासून संमतीचा प्रश्न मी स्वतः विचारते आणि उत्तर वहीत त्याच्याच शब्दांत लिहिते.

म्हणून मागणी व्यक्तीबद्दल न करता नियमाबद्दल करा: भेटीच्या वेळा लावा, दुभाषा द्या, वकिलाला रोज भेटू द्या, किती दिवस ठेवणार ते लेखी सांगा. चेहरा, नाव, देश, गाव यांपैकी काहीही नको. पणजीत आझाद मैदानावर बसायचं तर परवानगीचा अर्ज वेळेत द्या, आणि जिल्ह्यात जमावबंदीचा आदेश आहे का ते आधी बघा. न्यायालयात प्रकरण चालू असेल तर भाषणाचा मजकूर वकिलाला दाखवा.

इशारा: व्हिसावर राहणाऱ्या परदेशी मित्रांना मोर्चात बोलावू नका. डिसेंबर २०१९ मध्ये निदर्शनांत सहभागी झालेल्या, चेन्नईत शिकणाऱ्या एका जर्मन विद्यार्थ्याला देश सोडावा लागला. मदत करायला एक माणूस यायचा आणि मदत लागणारे दोन व्हायचे.

टप्पा ९: सुटकेच्या आदल्या दिवशी

सुटका बहुतेक अटींवर होते: ठरावीक पत्ता, जामीनदार, ठरलेल्या दिवशी हजेरी. पत्ता शेवटच्या क्षणी शोधायला गेलात तर मिळत नाही. घरमालकाशी आधी बोला, खरं सांगून बोला. परदेशी व्यक्ती राहायला आल्यावर २४ तासांत ऑनलाइन माहिती देणं हे घरमालकाचं काम आहे, आणि ते राहून गेल्यामुळे घरमालक अडचणीत आला तर त्या वाड्यावर पुन्हा कुणी खोली देणार नाही. त्याच्याबरोबर बसून तो अर्ज भरा. पोलीस ठाण्यात भाडेकरू पडताळणीही त्याच आठवड्यात करून टाका.

जामीनदाराला रक्कम आणि जबाबदारी दोन्ही नीट समजावून सांगा. नंतर मागे हटणारा जामीनदार माणसाला पुन्हा आत नेतो.

हजेरीच्या तारखा भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल गोल करून लिहा, आणि पहिल्या काही वेळा कुणीतरी त्याच्याबरोबर जा. तो बस चुकवेल म्हणून नव्हे. पोलीस ठाण्याच्या पायऱ्या एकट्याने चढताना त्याचे पाय थरथरतात म्हणून. प्रत्येक हजेरीची सही झाली की वहीत तारीख लिहा आणि पुढची तारीख तिथेच विचारून घ्या.